घार नसलेला हात

आज नागपंचमी. सकाळी उठून पाट धुतला, सहाणेवर चंदन उगाळलं आणि काडीने नागोबा काढायला बसले. आज चिरायचं नाही, तळायचं नाही, तवा चढवायचा नाही. पुरणाचे दिंड उकडायचे आणि गप्प बसायचं. हे सगळं पाळून मी थोड्या वेळाने गाडी काढीन आणि इस्पितळात जाईन, जिथे आज दिवसभर नुसतं चिरणंच चालणार आहे. मी स्वतः चिरत नाही, मी भूल देते. माझ्या वडिलांनी, अण्णांनी, यावर एकदा निकाल देऊन टाकला होता. "तू निस्ती झोपवतीस न्हवं? मग तुला न्हाई लागत. लागंल ते कापणाऱ्याला." आमच्या सर्जन मंडळींना हा निकाल मी अजून कळवलेला नाही.

चंदनाची काडी पाटावर टेकली की मला इथला, आयर्लंडमधल्या लेटरकेनीतला, तो हिवाळा आठवतो, दोन हजार एकवीसचा. श्रावणात हिवाळा आठवायचं तसं काही कारण नाही. पण इथे श्रावणातही स्वेटर लागतो, खिडकीबाहेरच्या डोंगरावर तेच करडं धुकं असतं, आणि त्या हिवाळ्यात आमच्या स्वयंपाकघरात एक साप राहत होता.

आयर्लंडमध्ये साप नाहीत. इथल्या एका संताने म्हणे फार पूर्वी सगळे साप समुद्रात हाकलून दिले. अण्णांना हे कळलं तेव्हा ते चांगलेच नाराज झाले. ते शिराळ्याच्या बाजूचे. तिकडे पूर्वी नागपंचमीला रानातून जिवंत नाग धरून आणायचे, मडक्यात ठेवायचे, पूजा झाली की परत सोडायचे. कोर्टाने ते बंद केलं त्याला बरीच वर्षं झाली, पण अण्णांच्या बोलण्यात ते नाग अजून मडक्यातच आहेत. "आम्ही जेवाय बोलवायचो, आन् ह्यांनी हाकलून लावलं?" ते म्हणाले. "म्हणूनच इथं ऊन पडंना."

आई गेल्यावर अण्णा माझ्याकडे चार महिन्यांसाठी म्हणून आले आणि विमानं बंद झाली. साखर कारखान्यात फिटर म्हणून जन्म काढलेला माणूस. घरातला एकही नळ गळताना न सापडल्यामुळे ते फार कंटाळले होते. माझा नवरा नोकरीसाठी तिकडे डब्लिनजवळ ल्यूकनला राहायचा. पाच किलोमीटरच्या पुढे जायला बंदी आली तसा तो फोनवरच उरला. म्हणजे घरात आम्ही दोघं, आणि तीही निम्मी: मी कोविडच्या वॉर्डातून यायची, म्हणून मागच्या खोलीत राहायची, आणि अण्णा दाराबाहेर ताट ठेवून कडी वाजवायचे.

आणि मग ओर्ला. ओर्ला आमच्या अतिदक्षता विभागातली नर्स, आमच्याच गल्लीत चार घरं सोडून एकटी राहणारी. जिभेला हाड नाही, मनात मळ नाही. मी या देशात नवी असताना ‘ग्रँड’ या शब्दाचे सतरा अर्थ तिनेच मला शिकवले: उत्तम, ठीक, चालेल, नको, मरू दे तिकडे. तिने एक साप पाळला होता. कॉर्न स्नेक, मूळचा अमेरिकेतला, बिनविषारी, मनगटाएवढा जाड वगैरे काही नाही, अंगठ्याएवढा. नारिंगी अंगावर तांबडे पट्टे. नाव मार्मलेड. चहाच्या सुट्टीत ती मला त्याचे फोटो दाखवायची आणि मी बिस्किटांच्या डब्याकडे बघायची. मी मिरजेला शिकले. माझ्यासाठी साप म्हणजे दंश: पापण्या मिटत चाललेला, जीभ अडखळणारा एखादा शेतमजूर, आणि त्याच्या उशाशी श्वासाचा फुगा हाताने दाबत बसलेले आम्ही. त्या प्राण्याला कुणी नाव देऊन घरात ठेवून घेतं हे माझ्या डोक्यात शिरायचं नाही.

त्या जानेवारीत लाट आली. ती कशी होती ते सांगत बसत नाही. ज्यांनी पाहिली त्यांना सांगायला नको आणि ज्यांनी नाही पाहिली त्यांना सांगून कळत नाही. एवढंच, की एका दुपारी ओर्ला खाटेच्या या बाजूने त्या बाजूला गेली. दोन दिवस ऑक्सिजनवर काढले आणि मग घशात नळी घालून यंत्रावर ठेवायची वेळ आली. ड्यूटी माझी होती.

ती शुद्धीवर होती. बोलायला दम नव्हता तरी बोलत होती. "किल्ली कुंडीखाली," म्हणाली. "मार्मलेड." मी म्हटलं, "माझ्याकडे राहील. तू येईपर्यंत." तिने भुवया वर केल्या, म्हणजे तिला बिस्किटांचा डबा आठवत होता. "शपथ?" मी म्हटलं, "ग्रँड." ती हसायला गेली आणि खोकल्याने ते तिथेच अडलं. मी तिच्या तोंडावर मास्क धरला, औषध गेलं, नळी पहिल्या फटक्यात बसली. सगळं चोख. माझ्या स्थिर हातांचा तो शेवटचा दिवस, असं मी पुढे कितीतरी महिने धरून चालले होते.

दुसऱ्या दिवशी पार्किंगमध्ये गाडीची किल्ली भोकात जाईना. थंडी, म्हटलं. मग वॉर्डात एका आजींच्या हाताला सुई लावताना बोटं अशी थरथरायला लागली की त्यांनीच माझ्या दंडावर थोपटलं. तिसऱ्या दिवशी नळी घालायच्या वेळी मी शेजारच्या डॉक्टरला पुढे केलं आणि पाठीमागे हात बांधून उभी राहिले. आमच्या विभागप्रमुख बाई शांत स्वभावाच्या. त्यांनी ओरडा केला असता तर बरं झालं असतं. "घरी जा," त्या म्हणाल्या. "हात परत आले की तूही ये."

हात म्हणजे काय मांजर आहे, आपापलं घरी परत यायला? पण त्यांचं खरं होतं. भूल देणाऱ्या माणसाचं सगळं बोटांत असतं. पोलादी पात्याने जीभ बाजूला सारायची आणि समोर दिसेल त्या जराशा फटीतून नळी आत सोडायची, आणि हे होईपर्यंत समोरचा माणूस स्वतःचा श्वास घेत नसतो. तिथे थरथर चालत नाही. हात आले नाहीत तर हे काम संपलं, आणि हे काम संपलं तर एवढी वर्षं मी जी कुणी होते तीही संपली. मी हे नवऱ्याला सांगितलं नाही, अण्णांना सांगितलं नाही. थकवा आलाय, सुट्टी घेतलीय, एवढंच म्हटलं. मला भीती वाटत होती, आणि भीती सांगितली की ती खरी होते असं मला उगाचच वाटायचं.

सुट्टी लागली, वॉर्ड सुटला, मी मागच्या खोलीतून बाहेर आले आणि साप घरी आणला. काचेची पेटी, खाली ऊब देणारी गादी, लपायला लाकडाची दोन खोपटं, पाण्याचं कुंडं. अण्णांनी एकट्याने सगळं उचललं, तारा जोडल्या, बऱ्याच दिवसांनी काहीतरी जोडायला मिळालं म्हणून खूश झाले. मग काचेशी डोळा लावून म्हणाले, "आगं, ही तर आपल्या धामणीची धाकली भन दिसतिया." त्यांनी त्याला मार्मलेड कधीच म्हटलं नाही. पाव्हणं म्हणायचे. सकाळी उठल्या उठल्या, "पाव्हणं जेवलं का?" पाव्हण्याचं जेवण फ्रीजरमध्ये मटारच्या पिशवीशेजारी होतं, एकेक उंदीर कागदात गुंडाळलेला. नवऱ्याला फोनवर सांगितलं तर तो म्हणाला, "घरात साप? आणि झुरळ दिसलं तर तू खुर्चीवर चढतेस!" मी म्हटलं, झुरळाला नाव नसतं.

नळी घालायच्या आदल्या दिवशीच ओर्लाने वॉर्डातून मला आवाजी निरोप पाठवून ठेवला होता; मी तो उघडला साप घरी आल्यावर. ती तिकडे यंत्रावर निपचित आणि माझ्या स्वयंपाकघरात तिचा आवाज, मध्ये मध्ये ऑक्सिजनचा फस्स करणारा झोत. "पहिले काही दिवस... त्याला हात लावू नकोस. नुसती ये-जा कर. तुझा वास कळू दे." फस्स. "खाल्ल्यावर दोन दिवस उचलायचं नाही. हाताला उंदराचा वास असेल तर... हात धू. बोट म्हणजे जेवण वाटेल त्याला." फस्स. "आणि वरून हात घालू नकोस. वरून येते ती घार. बाजूने ये, खालून ये. तू घार नाहीस हे... त्याला कळू दे." शेवटी थोडा वेळ नुसता श्वास, आणि मग, "धरू नकोस. तू फांदी हो. फांदी धरत नाही."

मी तो निरोप किती वेळा ऐकला याला गणती नाही. सापासाठी ऐकत होते असं म्हणायची, पण खरं तर तिचा श्वास ऐकत होते.

पहिल्यांदा पेटीत हात घातला तेव्हा तो खोपटात होता. मी सांगितल्याप्रमाणे बाजूने, अगदी सावकाश, तळहात वर करून भुशावर टेकवला. हात थरथरत होता आणि त्याच्याबरोबर भुसाही. खोपटाच्या दारात डोकं आलं. जीभ बाहेर, आत, बाहेर. मग मान मागे गेली आणि अंगाचा इंग्रजी एस झाला. शेपटीचं टोक भुशावर वाजायला लागलं, वाळलं पान वाऱ्याने हलावं तसं. माझ्या डोक्याला ठाऊक होतं की याला विष नाही, याचे दात म्हणजे गुलाबाचा काटासुद्धा नाही. माझ्या पाठीला मात्र मिरज आठवत होती. तो झेपावला, त्याचं तोंड माझ्या अंगठ्यावर आपटलं आणि मी हात असा ओढला की पाण्याचं कुंडं उलटलं. अंगठ्यावर दोन थेंब रक्त. अण्णा दारातून म्हणाले, "पाव्हणं भ्यालंय." मी म्हटलं, "अण्णा, पाव्हणं नाही, मी भ्यालेय." ते म्हणाले, "मग दोगंबी सारखीच की."

पुढचा महिनाभर हेच. दुपारी, उजेड असताना, मी पेटीजवळ स्टूल ओढायची आणि हात आत ठेवून बसायची. काही करायचं नाही, हे करणं फार अवघड जातं. मी आयुष्यभर काही ना काही करत आले. बाजूला बसून वाट बघणं हे नातेवाइकांचं काम, डॉक्टरचं नव्हे. कधी तो झेपावायचा, कधी बघायचाही नाही. त्याचे डोळे दुधाळ झाले, कात टाकायला आला, तेव्हा आठवडाभर मी पेटी उघडलीसुद्धा नाही, कारण त्या दिवसांत त्याला धड दिसत नाही आणि तो जास्तच घाबरतो. मग एका सकाळी खोपटाशेजारी कात पडलेली. अण्णांनी ती अलगद उचलून देवाजवळ ठेवली, आणि मीही ती तिथेच राहू दिली.

लोक विश्वास विश्वास म्हणतात. साप तुमच्यावर विश्वास टाकतो, ओळखतो, प्रेम करतो. मला नाही वाटत. एवढ्याशा डोक्यात प्रेमाला जागा कुठे? त्याला एवढंच कळतं की हा वास आला तेव्हा काल मरण आलं नव्हतं, परवाही आलं नव्हतं. असे बरेच काल साठले की तो शेपटी वाजवायचं सोडतो. माणसांतही याहून फार वेगळं काही असतं का, याची मला अलीकडे शंका येते. लग्नाची इतकी वर्षं झाली, पण आम्हा नवराबायकोंनी एकमेकांकडे अशाच कालच्या थप्प्या रचल्यात.

फेब्रुवारी सरता सरता एकदा त्याने माझ्या बोटांवर हनुवटी ठेवली. मग मनगट. मग सगळं अंग, थंड, कोरडं, रेशमी दोरासारखं, माझ्या दोन्ही हातांतून वाहायला लागलं. एका हातातून निघाला की दुसरा पुढे करायचा, असं ते चालतं. आणि तिथेच माझं चुकायचं. तो जरा जोरात सरकला की माझी मूठ आपोआप मिटायची. मूठ मिटली की तो ताठ व्हायचा, तो ताठ झाला की माझा कंप वाढायचा, आणि शेवटी दोघंही दमून जायचो. पेटीचं झाकण लावून मी हात टेबलावर पसरून बघायची. थरथर होतीच. इस्पितळातून फोन आला की मी ओर्लाबद्दल विचारायची आणि त्यांनी माझ्याबद्दल विचारायच्या आत ठेवून द्यायची.

मार्चमध्ये त्याच संताचा सण आला, साप हाकलणाऱ्या. मिरवणुका बंद, पब बंद, रस्त्यावर चिटपाखरू नाही, बाहेर गारा. दुपारी फोन वाजला. वॉर्डातल्या नर्सने ओर्लाच्या कानाला फोन लावला होता. यंत्र सुटून थोडे दिवस झालेले, आवाज घासलेल्या भांड्यासारखा. ती म्हणाली, "मार्मलेड?"

"ग्रँड," मी म्हटलं आणि रडले. ती पलीकडे नुसती श्वास घेत राहिली, स्वतःचा.

फोन ठेवून मी उड्या मारतच पेटीकडे गेले. त्याला हातात घेऊन फोटो काढायचा आणि तिला पाठवायचा. पण आनंदानेही हात थरथरतात, आणि त्या दिवशी ते असे काही थरथरत होते की झाकणाची कडी निघेना. कशीबशी काढली, हात आत घातला, तो माझ्या बोटांपर्यंत आला आणि थबकला. मी हात स्थिर करायला गेले तसे ते जास्तच उडायला लागले. अण्णा मागे उभे होते. बराच वेळ बघत होते.

"सर बाजूला, मी दावतो," म्हणाले. आणि मी "अण्णा, वरून नको" म्हणायच्या आत त्यांनी शिराळ्याच्या पद्धतीने वरून हात घालून शेपटीला धरलं आणि पाव्हण्याला उचलून उलटं केलं.

सापाला आपली ती पद्धत कळली नाही. त्याने हवेत वेटोळं मारलं आणि अण्णांच्या बोटाला कडकडून चावला. अण्णांचा हात सुटला. तो फरशीवर पडला, क्षणभर तसाच राहिला, आणि मग फरशीवरून नारिंगी रेघ ओढली जावी तसा सिंकखालच्या कपाटामागे गेला. इथे कपाटाला प्रेस म्हणतात. अण्णाही म्हणायला लागले होते. "प्रेसच्या मागं गेलं गं," ते म्हणाले, आणि त्यांचा आवाज मला ओळखू आला नाही.

प्रेसच्या मागे भिंतीत पाइपाचं भोक होतं. अण्णांनीच कधीतरी दाखवलं होतं, बुजवतो म्हणाले होते. त्या भोकापलीकडे अंगण, अंगणात गारा. थंडीत हा प्राणी तासाभरात लाकूड होतो. कपाट ओढावं तर दचकून तो भोकातच शिरणार. हात घालून धरावा तर तेच. आणि तिकडे एक बाई दोन महिन्यांनी बोलायला लागली होती आणि तिने पहिला शब्द उच्चारला होता तो याचं नाव. मी काय सांगणार होते तिला? ग्रँड?

"पाणी गरम करा," मी अण्णांना म्हटलं. गरम पाण्याची रबरी पिशवी भरली, फडक्यात गुंडाळली, प्रेसच्या फटीशी ठेवली. दिवे मालवले. मी फरशीवर पालथी पडले, गाल फरशीला, उजवा हात पिशवीवर, तळहात वर. अण्णा खुर्चीवर बसून राहिले, बोटाला रुमाल गुंडाळून. फरशीची थंडी पोटातून वर चढत होती. फ्रिजचं यंत्र सुरू व्हायचं आणि थांबायचं, आणि ते थांबलं की मला वाटायचं आता काही ऐकू येईल. काही यायचं नाही. खिडकीतला उजेड पिवळा झाला, मग निळसर. दोनदा अण्णांनी न बोलता पिशवीतलं पाणी बदललं.

"आजच्याच दिवशी मीबी हाकललं त्येला," ते हळूच म्हणाले.  मला त्यांचा इतका राग आला होता की तोंड उघडलं असतं तर भलतंच निघालं असतं.

मग फटीत जीभ दिसली.

पुढचं मला अजून जसंच्या तसं दिसतं. डोकं बाहेर आलं, थांबलं. माझा हात पिशवीवर थरथरत होता, आणि पिशवीतलं पाणीही डचमळत होतं. मी ते थांबवायचा प्रयत्न केला आणि थरथर वाढली. झालं, म्हटलं, आता हा वळणार. मान वळलीसुद्धा, भोकाच्या बाजूला. झडप घातली असती तर कदाचित सापडला असता. माझी बोटं मिटायला लागली होती. आणि मला तो फस्स करणारा आवाज आठवला. फांदी धरत नाही. वाऱ्यात फांदी हलते की! कुठली फांदी स्थिर असते? मी बोटं सोडून दिली. थरथरू दिली. हात माझा नसून तिथे पडलेलं काहीतरी आहे असं समजले.

जीभ माझ्या करंगळीला लागली. मग तिच्या शेजारच्या बोटाला. तो हलत्या तळहातावर चढला, मनगटाला एक वेढा घातला, कोपरापर्यंत आला आणि स्वेटरच्या बाहीत डोकं खुपसून थांबला. त्याचं अंग बर्फासारखं होतं. मी तशीच पडून राहिले. उठायचं होतं, पेटी उघडायची होती, पण मला रडू येत होतं आणि त्याला त्याचा धक्का बसू नये म्हणून मी ते हळूहळू रडत होते.

पाव्हणा पेटीत गेल्यावर मी अण्णांचं बोट धुवायला घेतलं. इवलेसे दात, अर्धवर्तुळात. साबण लावताना माझा हात त्यांच्या बोटावर थरथरत होता आणि दोघंही तिकडेच बघत होतो. "मला म्हाईत हाय," ते म्हणाले. "सुट्टी कशापायी घेतलीयास ते. रोज बघतोय. तुझ्या हाताकडं बघवंना मला, पोरी. म्हणून घातला मधी हात." मग थोड्या वेळाने, "त्येला घारच वाटलो आसंन मी."

राग असा जातो, पाण्याबरोबर, ते मला तेव्हा कळलं. दुसऱ्या दिवशी अण्णांनी भिंतीतलं भोक बुजवलं. पाव्हण्याने मात्र त्यांना पुष्कळ दिवस तंगवलं. ते खोलीत आले की शेपटी वाजायची. मग तेही दुपारी स्टूल घेऊन बसायला लागले, बाजूने हात घालून, तळहात वर करून. जुना फिटर माणूस, हात कसे पान्यासारखे. ते असे उघडे ठेवायला त्यांना किती जड गेलं असेल. उन्हाळा लागेपर्यंत पाव्हण्याने त्यांच्याही हातावर एकदा हनुवटी टेकली, आणि दिवसभर अण्णा कुणालातरी ते सांगायला शोधत होते.

जूनमध्ये ओर्ला घरी आली. चाकाचा वॉकर ढकलत चार घरं चालत आली, दोनदा थांबून. आम्ही बागेत खुर्च्या टाकल्या होत्या, नियमाप्रमाणे लांब लांब, पण ऊन चक्क पडलं होतं. तिचे गाल बसलेले, केस निम्मे गेलेले, आणि हात मांडीवर सतत कापत होते. यंत्रावर इतके दिवस राहिल्यावर स्नायू असेच होतात. हे मी शेकडो लोकांना समजावून सांगितलंय. मी पेटी बाहेर आणली तर तिने हात शालीखाली लपवले.

"नको," ती म्हणाली. "असल्या हातांना तो घाबरेल. विसरलाही असेल."

"त्याला त्याचं काही वाटत नाही," मी म्हटलं. "घट्ट धरलं तर वाटतं."

"तुला काय ठाऊक?"

मग मी तिला माझे हात दाखवले. आपण होऊन कुणाला हात दाखवायची ती माझी पहिलीच वेळ. तिने पाहिले, आणि मला वाटलं होतं तशी ती हळहळली नाही. उलट मी काहीतरी खुळ्यासारखं बोलले असावे तशी बघायला लागली.

"कधीपासून म्हणालीस?"

"तुला नळी घातली त्याच्या दुसऱ्या दिवसापासून. त्या दिवशी ठीक होते. शेवटचे."

"अगं बाई," ओर्ला म्हणाली, "त्या दिवशी तू माझ्या तोंडावर मास्क धरलास तो कापत होता. माझ्या नाकावर टकटक वाजत होता. तुझा चेहरा तर झाकलेला. मला दुसरं दिसत काय होतं? तुझे हातच दिसत होते. मला वाटलं, हिलाही माझ्याएवढीच भीती वाटतेय. म्हणजे ही सांभाळून करेल. आणि मी डोळे मिटले."

 पाव्हणा तोवर माझ्या मनगटावरून उतरून खुर्चीच्या हातावर, तिथून तिच्या शालीच्या काठावर गेला होता. तिने कापरे हात बाहेर काढले. तो त्यांच्यात शिरला आणि थेट तिच्या बाहीत गेला, किल्ली खिशात जावी तसा.

नळी पहिल्या फटक्यात बसली होती. थरथरत्या हातांनी बसली होती. मला ते ठाऊक नव्हतं, एवढंच. पुढच्या आठवड्यात मी विभागप्रमुख बाईंकडे गेले आणि सगळं सांगितलं. त्यांनी मला सरावाच्या रबरी पुतळ्यापुढे बसवलं, दिवसचे दिवस. पातं घट्ट धरलं की कापायचं. बोटं सैल ठेवून नुसतं पेललं की पात्याचं टोक टेकताक्षणी कंप बसायचा. कधी कधी नाही बसायचा, मग पुन्हा. शेवटी त्या म्हणाल्या, "ये. मी शेजारी उभी राहीन." तो दिवस कॅलेंडरवर बघितला तर नागपंचमी.

आता अण्णा शिराळ्याला असतात. मघाशी त्यांचा फोन येऊन गेला, "काढला का नागोबा?" काढला म्हटलं. पण दर वर्षी काडी टेकवताना मी कामावर परतायच्या त्या सकाळच्या पाटापाशी जाऊन पोचते. स्वयंपाकघरात दिंडाचा वास, पेटीची जागा रिकामी, पाव्हणा आपल्या घरी गेलेला. मी चंदनात काडी बुडवली, फण्यापासून सुरुवात केली, आणि रेघ डुगडुगली. हात उडत होता. दीड तासाने याच हाताने एका माणसाचा श्वास थांबवून पुन्हा सुरू करायचा होता. मी पाट पुसायला फडकं उचललं.

अण्णांनी ते माझ्या हातून घेतलं नाही. ते माझ्या शेजारी मांडी घालून बसले आणि त्यांनी आपला हात पुढे केला. बाजूने, खालून, तळहात वर. माझ्या थरथरत्या हाताखाली तो नुसता ठेवला. धरला नाही. बोटावर ते इवलेसे पांढरे वण दिसत होते.

"घार न्हाई मी," ते म्हणाले.

 त्यांचा हातही वयाने जरा कापतो, ते मी तोवर कधी पाहिलं नव्हतं.

"पुसू नगंस ती रेघ," ते म्हणाले. "नागोबा सरळ कधी हुता? जा आता, उशीर हुईल."

मी गेले. पहिल्या पेशंटच्या तोंडावर मास्क धरला तेव्हा तो थोडा कापत होता. पेशंट माझ्याकडे बघत होता. मी त्याला म्हटलं, "मी इथेच आहे," आणि बोटं सैल सोडली.